पुडके जपणारा कायदा

नागपूरच्या गांधीबागेत दिवसा पाय ठेवायला जागा मिळत नाही. कापडाच्या ठोक दुकानांपासून इतवारीच्या सराफ्यापर्यंत हातगाड्या, हमाल आणि गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते. रात्री शटर खाली आली की याच गल्ल्या ओस पडतात. अशा वस्तीत रात्री खून झाला तर पुढचा क्रम ठरलेला असतो. पंचांसमक्ष घटनास्थळाचा पंचनामा होतो, फरशीवरचे रक्त कापसावर टिपून घेतात, मयताचे कपडे पाकिटात भरून त्यावर लाखेचे सील लावतात. मृतदेह सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या मेयो रुग्णालयात शवविच्छेदनाला जातो आणि नमुने धंतोलीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. पोलीस ठाण्याच्या बोलीत याला ‘मुद्देमाल सी.ए.ला पाठवला’ म्हणतात; सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, हे या प्रयोगशाळांचे जुने नाव. आरोपी सापडला तर मुद्देमाल खटल्याबरोबर न्यायालयात जातो. सापडला नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’चा अहवाल जातो: गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. त्यानंतर त्या सीलबंद पुडक्याचे काय होते, या प्रश्नाला आपल्या कायद्यात सरळ उत्तर नाही. न उलगडलेल्या गुन्ह्यांसाठी प्रगत डीएनए चाचणीचा कायदा करायचा, तर त्याची सुरुवात प्रयोगशाळेतल्या यंत्रापासून न होता या पुडक्यापासून व्हायला हवी, आणि हे काम महाराष्ट्राला दिल्लीची वाट न पाहता करता येईल, असे मला वाटते.

आधी तंत्राची गोष्ट. १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसागणिक वेगळा ठरणारा डीएनएचा ठसा सापडला. त्याचा गुन्हे तपासातला पहिला गाजलेला उपयोग दोन मुलींच्या खुनांच्या प्रकरणात झाला. त्या चाचणीने आधी पोलिसांपुढे कबुली दिलेल्या एका निरपराध तरुणाची सुटका झाली आणि खरा खुनी त्यानंतर सापडला, हा क्रम विसरू नये. आज जगभर रुळलेली पद्धत डीएनएतल्या ठराविक जागी पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजते. नमुना चांगला आणि ताडून पाहायला संशयित हाताशी असला, की तिचे उत्तर भक्कम असते. नमुना जुना, कुजलेला किंवा अनेकांचा मिसळलेला असला की ती अडखळते. प्रगत म्हणवल्या जाणाऱ्या चाचण्या इथून पुढे जातात. त्या डीएनएच्या लाखो सुट्या अक्षरांमधले फरक वाचतात, तुटक्या धाग्यातूनही माहिती काढतात, आणि संशयित कोण हे ठाऊक नसतानाही त्याच्या दूरच्या नातेवाइकांपर्यंत माग काढू शकतात. १९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात अनेक खून आणि बलात्कार करणारा माजी पोलीस २०१८ मध्ये याच मार्गाने पकडला गेला. या यशाचे श्रेय लोक ते नातेवाईक जिथे सापडले त्या वंशावळीच्या संकेतस्थळाला देतात. पण ज्या नमुन्यावर सगळे उभे राहिले, तो व्हेंचुरा परगण्यातल्या १९८० च्या एका खुनाच्या वेळी शवचिकित्सकाने घेतलेला जादा संच होता. अडतीस वर्षे कोणी तरी तो शीतपेटीत सांभाळला, म्हणून नव्या यंत्राला वाचायला काही उरले.

आता आपल्याकडे पाहू. शरीरातून मिळणाऱ्या पुराव्याबद्दल आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी विचार केला आहे. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन आरोपीच्या आणि बलात्कारपीडितेच्या वैद्यकीय तपासणीत डीएनए चाचणीला नावानिशी जागा मिळाली. आज त्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. स्वतंत्र डीएनए विधेयक मात्र वाटेतच राहिले. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले गेले, संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. दरम्यान १९२० चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यात ठसे आणि बुबुळांपासून जैविक नमुन्यांपर्यंत सगळे ‘मापन’ या एका शब्दात बसवले आहे आणि त्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ७५ वर्षे ठेवायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे सगळे एकत्र वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. माणसाकडून नमुना कसा घ्यायचा आणि त्याची नोंद किती वर्षे ठेवायची, हे कायद्याने बारकाईने सांगितले आहे. घटनास्थळावरून उचललेला नमुना किती वर्षे आणि कशा स्थितीत ठेवायचा, याबद्दल मात्र तो बोलत नाही.

हा विसंवाद सरळ गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतो. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदतीची आडकाठी नाही. खुनाचा किंवा बलात्काराचा खटला वीस वर्षांनीही उभा राहू शकतो. ‘अ समरी’ मंजूर झाली तरी पुढील तपासाचे दार संहिता उघडे ठेवते. पण ज्याच्या बळावर तो तपास व्हायचा, त्या वस्तूला कोणी वाली नाही. उलट, मुद्देमालाचे ढीग कमी व्हावेत म्हणून नव्या संहितेच्या कलम ४९७ ने न्यायालयाला चौदा दिवसांत वस्तूंचे विवरण आणि छायाचित्रे करून घ्यायला आणि पुढच्या तीस दिवसांत त्यांची विल्हेवाट लावण्याचा, त्या परत देण्याचा किंवा नष्ट करण्याचा आदेश द्यायला सांगितले आहे. जप्त मोटारसायकलीसाठी हा नियम उत्तम आहे, कारण तिचे छायाचित्र पुराव्याला पुरते. रक्ताळलेल्या सदऱ्याचे छायाचित्र मात्र कोणत्याही यंत्रात घालून डीएनए निघत नाही. या दोहोंत फरक करणारी वेगळी तरतूद त्या कलमात नाही. शिवाय जिथे वस्तू नष्ट होत नाही, तिथेही ती टिकतेच असे नाही. डीएनएचे मोठे शत्रू ओल आणि उष्णता. डाग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर थोड्याच दिवसांत बुरशी त्याचा फडशा पाडते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जूनअखेरीस हवेत ओल भरते. पंखा आणि लोखंडी कपाट एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या मालखान्यात या दोन्ही ऋतूंना पुरून उरणे नमुन्याला कठीण आहे, आणि त्याचा दोष मुद्देमाल कारकुनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शीतपेटी, वेगळी खोली आणि नियम यांतले जे त्याला दिलेलेच नाही, त्याचा जाब त्याला कसा विचारणार?

राज्याला असा कायदा करता येईल का, हा पहिला आक्षेप. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा समवर्ती सूचीत. न्यायसहायक प्रयोगशाळा राज्याच्या गृह विभागाखाली चालतात आणि मालखाने राज्याच्या पोलिसांचे आहेत. पुरावा कसा साठवावा, त्याची नोंद कशी ठेवावी, ‘अ समरी’च्या फायलींचा फेरआढावा कोणी आणि कधी घ्यावा, हे ठरवणे राज्याच्या अधिकारात सरळ बसते. मुद्देमालाच्या नाशाबद्दलचा अपवाद संहितेला छेद देईल असे वाटले, तर अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती घेण्याची वाट आहे. मकोका हा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा याच वाटेने आला. ही वाट नेहमी सुकर नसते, हेही मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होऊ शकले नाही. पण शक्ती विधेयकाने शिक्षा आणि तपासाच्या मुदती बदलायला घेतल्या होत्या. पुरावा जपण्याचा कायदा कोणाची शिक्षा वाढवत नाही आणि कोणाचा हक्क कमी करत नाही. त्यामुळे त्याच्या वाटेत तसा अडथळा येण्याचे कारण कमी आहे.

राज्यांनी पुढाकार घेतल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे कॅलिफोर्नियाच्या त्या अटकेनंतर पोलिसांची वंशावळीच्या संकेतस्थळांकडे रीघ लागली आणि कायदा मागे पडला. २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने नियम घातले. हा मार्ग फक्त खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांसाठी, नेहमीच्या डीएनए नोंदींत शोध घेऊन हात टेकल्यावरच आणि न्यायाधीशांच्या परवानगीने वापरायचा. त्या डीएनएवरून माणसाच्या आजारांचा माग काढायचा नाही. काम संपल्यावर माहिती नष्ट करायची. मोंटानानेही त्याच वर्षी न्यायालयीन वॉरंटची अट घातली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या देशाच्या केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या खुनांपुरता एक कायदा केला, ज्यामुळे तीन वर्षांहून जुन्या न उलगडलेल्या प्रकरणाची फाइल पुन्हा तपासा अशी मागणी करण्याचा हक्क मृताच्या कुटुंबाला मिळाला. आणि शिक्षा भोगणाऱ्याला डीएनए चाचणीची मागणी करू देणारे कायदे तिथल्या पन्नासही राज्यांत आहेत. आपल्याकडे या चर्चेतून सहसा एकच चित्र उचलले जाते, चाळीस वर्षांनी पकडलेल्या खुन्याचे. प्रत्यक्षात त्या कायद्यांचा गाभा शिस्तीचा आहे: पोलिसांना मर्यादा, पीडित कुटुंबाला दाद आणि कैद्याला संधी. आपण उसने घ्यायचे असेल तर हा गाभा घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: डीएनए चुकत नाही हा समजच धोकादायक आहे. आक्षेप खरा आहे. जर्मनी आणि शेजारच्या देशांत वर्षानुवर्षे सुमारे चाळीस घटनास्थळांवर एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत राहिला. २००९ मध्ये उलगडा झाला, की नमुने टिपण्याचे बोळे जिथे तयार होत, तिथल्या एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. आपल्याकडे दिल्लीच्या एका बलात्कार-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले. नमुने प्रयोगशाळेकडे जाईपर्यंत अकरा-तेरा दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, त्यामुळे त्यांत फेरफार झाला नसेल याची खात्री न्यायालयाला वाटली नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका फाशीच्या खटल्यातही डीएनए पुराव्याची हेळसांड पाहून न्यायालयाने आरोपीला मुक्त केले आणि देशभरासाठी निर्देश दिले: नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, साठवणीच्या काळात न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो उघडू नये, आणि घेतल्यापासून निकालापर्यंत कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही ठेवावी. हे सगळे निर्देश पुडक्याबद्दलचे आहेत. यंत्र कितीही सूक्ष्म झाले तरी पाकीट कोणी उघडले हे ते सांगू शकत नाही. उलट ते जितके सूक्ष्म, तितका वाटेत मिसळलेला परका कणही ते इमानाने वाचते. म्हणून हा आक्षेप जपणुकीच्या कायद्याची गरजच अधोरेखित करतो.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्या मातीतला आहे, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. डीएनएच्या नोंदी साठू लागल्या की त्यांत कोणाची नावे आधी येतील? ज्यांना पोलीस आधी उचलतात त्यांची. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय त्या तारखेला संपली नाही. २००३ मधल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठरवली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपास झालाच नाही, हे त्या निकालात नोंदले गेले. या प्रकरणाकडे न्यायाच्या उशिरा झालेल्या विजयासारखे पाहता येते. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: सहा जण सुटले त्या दिवशी तो गुन्हा न उलगडलेला ठरला. जीव गमावलेल्यांचे मारेकरी सोळा वर्षे मोकळे राहिले. चुकीचा उलगडा झालेल्या गुन्ह्याची नोंद ‘अ समरी’त होत नाही, ती ‘शिक्षा झाली’ या रकान्यात होते. म्हणून पुरावा जपण्याचा हक्क आरोपीच्या बाजूनेही असला पाहिजे. घटनास्थळाचा नमुना शाबूत असला तर निरपराध पारध्याला त्याच्याइतका निष्पक्ष साक्षीदार दुसरा नाही.

या आक्षेपातूनच कायद्याची लक्ष्मणरेषाही ठरते. घटनास्थळाचा नमुना जपणे आणि माणसांच्या डीएनएचा संग्रह वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा मी आग्रह धरतो, दुसरीला घट्ट कुंपण मागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर घाला घालायचा तर कायदा, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता यांची कसोटी घातली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये निर्दोष सुटलेल्यांचे डीएनए ब्रिटनने बेमुदत ठेवणे गैर ठरवले. आपल्या २०२२ च्या कायद्यातही निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद आहे, पण न्यायालय कारणे लिहून ती राखूही शकते. नातेवाइकांमार्फत माग काढण्याच्या पद्धतीला तर इथे आणखी एक अडचण आहे. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास मांडला. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्ने झाल्याने अनेक समूहांतली माणसे जनुकीयदृष्ट्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळची निघाली. अशा समाजात दूरचा चुलतभाऊ म्हणून यंत्र ज्याच्याकडे बोट दाखवेल, तो कदाचित केवळ त्याच जातीचा असेल, आणि संशय एका घरावरून अख्ख्या पाड्यावर पसरेल. म्हणून वंशावळीचा शोध तूर्त आपल्या कायद्यात नसावा. भारतीय समूहांवर त्याची अचूकता सिद्ध झाल्यावरच, खून-बलात्कारापुरता आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो यावा.

उरला पैशाचा आक्षेप. चालू खटल्यांचेच अहवाल रखडतात, तिथे जुन्या फायली कोण उघडणार? पण तातडी मनावर घेतली की काय होते, हे देशाने पाहिले आहे. जून २०२५ च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेत २६० जण दगावले आणि बहुतेक सर्व मृतांची ओळख डीएनएवरून साधारण पंधरवड्यात पटवली गेली. त्याच्या दोन वर्षे आधी, १ जुलै २०२३ ला, नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ जण गेले. डीएनए चाचणीला लागणारे दिवस पाहता बहुतेकांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. दोन्ही दुर्घटनांत विज्ञान सारखेच होते, व्यवस्था वेगळी होती. नागपूरकडे व्यवस्था उभी करण्याचे साहित्य आहे. केंद्राने २०२४ मध्ये न्यायवैद्यक सुविधांसाठी २,२५४ कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर संकुलाची पायाभरणी झाली. आणि जपणूक चाचणीच्या मानाने फार स्वस्त आहे. कोरडी खोली, शीतपेट्या, कागदी पाकिटे, बारकोड आणि नोंदवही एवढाच तिचा खर्च. चाचणी उद्या करता येते. न जपलेला नमुना उद्या परत आणता येत नाही.

तेव्हा राज्याच्या कायद्यात काय असावे? खून, बलात्कार आणि अनोळखी मृतदेह यांतला प्रत्येक जैविक नमुना, आरोपी सापडेपर्यंत आणि शिक्षा झाल्यास ती संपेपर्यंत, नष्ट करण्यास मनाई. प्रत्येक प्रादेशिक प्रयोगशाळेत त्यासाठी स्वतंत्र भांडार, जेणेकरून पुडके पोलीस ठाण्याच्या कपाटात अडकून राहणार नाही. ‘अ समरी’ झालेल्या गंभीर गुन्ह्यांचा ठराविक वर्षांनी फेरआढावा, आणि तो मागण्याचा कुटुंबाला हक्क, लेखी उत्तरासह. शिक्षा झालेल्याला नव्या चाचणीची मागणी करण्याचा तोच हक्क. आणि पोलिसांच्या बाहेरचे एक मंडळ, ज्यात विमुक्त-भटक्यांचे प्रतिनिधी असतील आणि जे दरवर्षी विधिमंडळापुढे हिशेब ठेवेल. यातले काहीही नव्या यंत्राची वाट पाहायला लावत नाही. यंत्रे येत राहतील, आजची प्रगत चाचणी उद्या नेहमीची होईल. गांधीबागेतल्या एखाद्या घरात वर्षानुवर्षे ‘काही कळले का?’ एवढाच प्रश्न घेऊन बसलेल्या आईला शासनाने निदान एवढे सांगता आले पाहिजे, की तुमच्या लेकराचा सदरा आम्ही सांभाळून ठेवला आहे.